नांगर तुटला की तोडला? वादळात गेलेल्या नांगराचा दावा कसा सोडवावा

वादळात जहाजाचा नांगर आणि त्याचा दोरखंड समुद्रात राहिला, तर पैसे कोणी भरायचे? जहाजमालक म्हणतो, तुमचा माल वाचावा म्हणून नांगर सोडावा लागला, तेव्हा तुम्हीही वाटा उचला. मालाचा धनी म्हणतो, नांगर तुमच्या जहाजाचा, मी ठरलेलं भाडं देतोय, वर हा भुर्दंड कशाला? दोघंही प्रामाणिक असू शकतात आणि दोघांचंही काही अंशी खरं असतं. म्हणूनच हा तंटा रोमन काळापासून चालत आला. त्यातून एक नियम घडला आणि माझ्या मते सागरी कायद्यात त्याच्याइतका न्याय्य नियम दुसरा नाही: जे सगळ्यांसाठी गमावलं, ते सगळ्यांनी मिळून भरून द्यायचं. आमच्या धंद्यात याला जनरल ॲव्हरेज म्हणतात.

मी मुंबईत बॅलार्ड इस्टेटला सागरी विम्याच्या दाव्यांचं काम करते. नवीन मुलं-मुली टेबलावर आली की चालू फाइल त्यांच्या हातात लगेच देत नाही. आधी जुने तंटे वाचायला लावते. चालू फाइलमध्ये कंटेनर असतात, सतराशेसाठ कागद असतात, वकिलांची पत्रं असतात, आणि मूळ प्रश्न त्याखाली दबून जातो. जुन्या तंट्यात एक जहाज, एक माल, एक दोरखंड, बस. तिथे नजर तयार झाली की मग आजची फाइल अवघड जात नाही. पुढे लिहिलंय ते याच क्रमाने.

आधी 1801 सालचा खटला घ्या

बर्कली विरुद्ध प्रेसग्रेव्ह. जहाजाचं नाव आर्गो. जागा सँडरलंड, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं बंदर. वाऱ्याने जहाज धोक्यात आलं, पोटात माल होता. जहाज धरून ठेवण्यासाठी खलाशांनी नांगराचा दोरखंड त्याच्या नेहमीच्या कामातून काढला आणि धक्क्याला बांधायला वापरला. जहाज आणि माल वाचले, पण दोरांचं नुकसान झालं. जहाजमालकाने मालाच्या धन्याकडे वाटा मागितला, त्याने नकार दिला आणि प्रकरण लंडनच्या किंग्ज बेंच कोर्टात गेलं.

निकाल देताना मुख्य न्यायाधीश लॉर्ड केनियन यांनी रेघ आखून दिली. जहाजाचं नेहमीचं, प्रवासात होणारं नुकसान जहाजमालकाचं. पण त्या विशिष्ट संकटात, नेहमीच्या रीतीबाहेर जाऊन, सगळ्यांच्या हितासाठी जे सामान वापरलं गेलं, त्याचा वाटा मालाच्या धन्यानेही उचलायचा. त्याच निकालात न्यायमूर्ती लॉरेन्स यांनी जी व्याख्या केली, ती आजही जगभर पहिल्या धड्यात शिकवतात: जहाज आणि माल वाचवण्यासाठी केलेला असाधारण त्याग किंवा असाधारण खर्च यातून जे नुकसान होतं, ते ज्यांचं-ज्यांचं काही पणाला लागलं होतं त्या सगळ्यांनी प्रमाणात सोसायचं. आणखी एक गोष्ट या खटल्याने पक्की केली. हा वाटा मागण्यासाठी जहाजमालक साध्या दाव्याने कोर्टात जाऊ शकतो.

दोर तोच. धक्क्याला बांधून जहाज वाचवलं तर सगळ्यांचा, रोजच्या वापरात झिजून गेला तर मालकाचा. म्हणजे वस्तू कोणती यावर काही ठरत नाही. ती कशी आणि कशासाठी गेली, यावर सगळं ठरतं.

तुटलेलं टोक हातात घ्या

त्या काळी दोरखंड हेंपचे, म्हणजे तागासारख्या धाग्याचे असत आणि त्यांची जाडी घेरावरून, इंचांत मोजत. असा दोर तीन तऱ्हांनी जातो आणि प्रत्येक तऱ्हेचं टोक वेगळं दिसतं. कुऱ्हाडीने तोडलेलं टोक आखूड आणि सपाट असतं. सगळे पेड जवळजवळ एकाच जागी संपतात. ताणाने तुटलेलं टोक पिंजलेलं असतं, एक पेड इथे तर दुसरा हातभर पुढे. आणि तळाच्या खडकावर घासून गेलेला दोर एका अंगाने झिजलेला असतो, दुसऱ्या अंगाला धागे अजून धड असतात.

पहिल्या टोकामागे माणसाचा निर्णय आहे. दुसऱ्या दोघांमागे समुद्र आहे. जनरल ॲव्हरेजमध्ये वाटा मिळतो तो माणसाच्या निर्णयाला. वादळात जहाज धरून ठेवणं हे नांगराचं कामच आहे. ते काम करता करता तो तुटला तर मालाच्या धन्याचा त्याच्याशी संबंध नाही. जहाजमालकाने आपल्या विम्याकडे बघावं. रोमन कायदेपंडित पाउलस याने हेच लोहाराचं उदाहरण देऊन सांगितलंय. काम करताना लोहाराची ऐरण किंवा हातोडा मोडला तर तो गिऱ्हाइकाच्या बिलात लावत नाही. जहाजाचं सामान हे मालकाचं हत्यार आहे. पण त्यानेच पुढे जोडलंय की प्रवाशांच्या इच्छेने किंवा धोक्याच्या भीतीने ते नुकसान मुद्दाम केलं असेल, तर भरपाई द्यावी लागेल. पापिनियनचंही तेच मत होतं: सगळ्यांवरचं संकट टाळण्यासाठी डोलकाठी किंवा जहाजाचं दुसरं सामान टाकून दिलं तर वर्गणी द्यायची.

आजच्या साखळीलाही हेच लावायचं. कडी ताणाने फाकली असेल तर नुकसान मालकाचं. शॅकल, म्हणजे साखळीचे तुकडे जोडणारी कडी, उघडून किंवा साखळीचं शेवटचं टोक मोकळं करून कप्तानाच्या हुकमाने साखळी सोडली असेल, तर पुढचे प्रश्न विचारायला लागा.

लॉगबुक वाचायची रीत

लॉगबुकात, म्हणजे जहाजाच्या रोजच्या नोंदवहीत, कधीकधी एवढंच असतं: «03:40, उजवा नांगर गेला.» या नोंदीवर कुणालाही काही देता येत नाही. कोणी सोडला, का सोडला, तेव्हा मागे किती पाणी होतं, काहीच कळत नाही. उपयोगाची नोंद अशी दिसते: वारा कुठून आणि किती वाढला, नांगर धरेना आणि जहाज सरकू लागलं, मागे उथळ जागा किती अंतरावर, इंजिनाला किती जोर दिला, साखळी वर घेण्याचा प्रयत्न विंडलासला, म्हणजे नांगर ओढणाऱ्या यंत्राला, का झेपला नाही, आणि मग कप्तानाच्या हुकमाने साखळी सोडली, जागा कळावी म्हणून तिला बोया (तरंगती खूण) बांधला. या नोंदीत माणूस विचार करताना दिसतो. मी तिथे लाल पेन्सिलने वेळेखाली रेघ मारते आणि त्या वेळेच्या आधीच्या सगळ्या नोंदी पुन्हा एकदा वाचते, कारण धोका खरा होता का याचं उत्तर आधीच्या तासांत असतं, त्या मिनिटात नसतं.

बोया बांधला असेल तर मला विशेष बरं वाटतं. घाबरून साखळी भिरकावणारा माणूस बोया बांधत बसत नाही. ज्याने बोया बांधला त्याने नांगर परत मिळवायचा विचार केला होता, म्हणजे त्याने जाणूनबुजून, हिशेबाने सोडला. मात्र बोया नाही म्हणून दावा फेटाळू नका. कित्येकदा तेवढा वेळच नसतो.

लॉगबुकाबरोबर कप्तानाचा सी प्रोटेस्ट मागवा, म्हणजे बंदरात पोचल्यावर नोटरीपुढे केलेलं निवेदन. ही रीत फार जुनी आहे. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या ओलेराँ बेटाचं नाव लाभलेली सागरी नियमांची एक मध्ययुगीन वही आहे. गॅस्कनीची दारू जहाजांनी उत्तरेकडे जायची, त्या व्यापारातले हे नियम. वादळात माल फेकावा लागला तर किनाऱ्यावर आल्यावर कप्तानाने आपल्या एक तृतीयांश सोबत्यांसह शपथ घ्यायची, की हे जीव, जहाज आणि माल वाचवण्यासाठीच केलं, असं त्यात आहे. आणि त्याच्याच पुढचा नियम आपल्या विषयाचा गाभा आहे. डोलकाठी तोडायची वेळ आली तर कप्तानाने जहाजावरच्या व्यापाऱ्यांना बोलवून दाखवायचं, की हे केल्याशिवाय गत्यंतर नाही. कधीकधी जहाज आणि माल वाचवण्यासाठी दोरखंड तोडून नांगर सोडून द्यावे लागतात. ते समुद्रात फेकलेल्या मालासारखेच पौंडास पौंड, म्हणजे किमतीच्या प्रमाणात, या हिशेबाने धरायचे. आणि व्यापाऱ्यांनी आपला वाटा माल उतरवण्याआधी द्यायचा.

आज व्यापारी जहाजावर नसतो, त्यामुळे त्याला विचारण्याचा प्रश्न येत नाही. म्हणूनच त्याच्या गैरहजेरीत झालेल्या निर्णयाचा कागद स्वच्छ असला पाहिजे, असा माझा आग्रह असतो. ज्याच्या खिशातून पैसे काढायचेत, त्याला तो क्षण डोळ्यांसमोर उभा करून दाखवणं हे आपलं काम आहे.

आधीच गेलेलं कोणी दान करू शकत नाही

या कसोटीत नवीन मंडळी सगळ्यात जास्त चुकतात. 1877 सालचा शेफर्ड विरुद्ध कॉटगेन हा खटला डोलकाठीचा आहे, पण नांगराला तंतोतंत लागू पडतो. वादळात दोर तुटल्याने डोलकाठी लटपटत होती आणि ती तोडून टाकली. तोडली मुद्दाम, हे खरं. पण ती तशीही वाचणारच नव्हती, असं ठरलं. मग त्याग कसला? वर्गणी मिळाली नाही.

नांगराच्या फाइलमध्ये याचं रूप असं: नांगर तळाच्या खडकात किंवा जुन्या केबलमध्ये अडकला, शांत पाण्यातही वर येत नव्हता, शेवटी साखळी कापून जहाज निघालं. हा त्याग नाही. पण नांगर चांगला धरून होता, वर घ्यायला अर्धा तास लागला असता, आणि दुसरं जहाज वाऱ्याने अंगावर येत होतं म्हणून साखळी सोडली, तर हा त्याग आहे. वादळ दोन्हीकडे असू शकतं. फरक एवढाच विचारायचा, की सोडला नसता तर तो नांगर मालकाच्या हाती राहिला असता का?

जहाज रिकामं असेल तर हे सगळं बंद करा. पणाला लागलेलं दुसऱ्या कोणाचं काहीच नसेल तर वाटणी कोणाशी करणार?

यशाचीही अट आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1850 मध्ये बर्नार्ड विरुद्ध ॲडम्स या खटल्यात तीन गोष्टी सांगितल्या. ब्रूटस हे जहाज ब्वेनोस आइरेसच्या नांगरवाड्यात, म्हणजे जहाजं नांगर टाकून उभी राहतात त्या जागी, वादळात सापडलं, नांगरांवर तग धरेना, तेव्हा कप्तानाने ते किनाऱ्यावर चढवलं. न्यायमूर्ती ग्रिअर यांच्या मते जहाज, माल आणि माणसं यांवर सामाईक आणि टाळता न येणारा वाटणारा धोका हवा; बाकीचं वाचवण्यासाठी एक भाग जाणूनबुजून त्यागलेला हवा; आणि तो प्रयत्न यशस्वी झालेला हवा. शेवटची अट कठोर वाटते, पण तिच्यामागे साधा व्यवहार आहे. काही वाचलंच नसेल तर वर्गणी कशातून गोळा करणार?

असाधारण कष्ट म्हणजे त्याग नव्हे, हेही ध्यानात ठेवा. 1806 सालच्या कव्हिंग्टन विरुद्ध रॉबर्ट्समध्ये शत्रूच्या खाजगी लढाऊ जहाजापासून निसटताना शिडांवर बेसुमार वारा घेतला, त्यात जहाजाचं नुकसान झालं. कोर्टाने वर्गणी नाकारली. मला हा निकाल आजही थोडा खुपतो, कारण कप्तानाने जाणूनबुजून जोखीम घेतली होती. तरी दावा मांडताना तो समोर ठेवावाच लागतो. समोरचा वकील ठेवणारच आहे.

डीलच्या नावाड्यांचं बिल

केंट परगण्यातलं डील हे गाव, त्याच्यासमोर डाउन्स नावाचा नांगरवाडा आणि पलीकडे गुडविन सँड्स ही वाळूची धोकादायक पट्टी. अनुकूल वाऱ्याची वाट बघत शेकडो जहाजं तिथे उभी राहायची. 1703 च्या महावादळात नॉर्थंबरलंड, रिस्टोरेशन, स्टर्लिंग कॅसल आणि मेरी ही इंग्लंडच्या आरमाराची चार जहाजं याच भागात बुडाली. वारा फिरला की दोरखंड तुटायचे, तोडावे लागायचे, आणि डीलचे नावाडी आपल्या मजबूत होड्यांतून नवा नांगर आणि दोरखंड घेऊन खवळलेल्या पाण्यात शिरायचे. फार धाडसी माणसं. वादळ ओसरलं की हेच लोक तळाशी राहिलेले नांगर शोधायचे: दोन होड्या अंतर ठेवून चालायच्या, मधे वजन लावलेला दोर तळावरून ओढत न्यायच्या, दोर कशाला अडकला की होड्या एकत्र येऊन टोकं आवळायची.

वाद व्हायचा तो त्यांच्या मोबदल्यावर. बुडण्याच्या भीतीने कप्तान मागेल तो आकडा कबूल करायचा आणि दुसऱ्या दिवशी मालकाला तो लूट वाटायचा. असे तंटे जागच्या जागी मिटावेत म्हणून 1821 मध्ये सिंक पोर्ट्स, म्हणजे इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या बंदरांच्या टापूसाठी संसदेने कायदा करून आयुक्त नेमण्याची सोय केली. आपल्या हिशेबासाठी यातून दोन गोष्टी घ्यायच्या. बदली नांगर संकटात आणून दिल्याची मजुरी, सगळ्यांच्या सुरक्षेसाठी असेल तर, त्यागाच्या रकमेबरोबर वाटणीत येते. पण वादळात कबूल केलेला आकडा डोळे मिटून धरायचा नाही. योग्य तेवढाच धरायचा. आणि इथे नावाड्याच्या बाजूनेही विचार करा. रात्रीच्या तुफानात होडी लोटणाऱ्या माणसाची मजुरी शांत दिवसाच्या दराने मोजणं हाही अन्यायच आहे.

आता आकडे मांडा

समजण्यासाठी एक काल्पनिक जहाज घेऊ, पौंडांत. नांगराविना बंदरात पोचलेल्या जहाजाची किंमत 5,800. मालाची पोचल्यावरची किंमत 3,600. पोचल्यावरच मिळणारं, म्हणजे पणाला लागलेलं भाडं 400. त्यागलेला नांगर आणि दोरखंड 200. नावाड्यांची मजुरी 50.

पहिला मोह असा होतो, की 5,800, 3,600 आणि 400 यांची बेरीज करून तिच्यावर 250 वाटायचे. तसं करू नका. जहाजमालकाला नांगराचे 200 भरून मिळणार आहेत, म्हणजे ते 200 सुद्धा वाचल्यासारखेच झाले. त्यांच्यावरही वर्गणी लागली पाहिजे. नाहीतर ज्याचा त्याग झाला तोच एकटा मोकळा सुटतो. म्हणून जहाजाचे 6,000 धरा. एकूण 10,000. त्यावर 250, म्हणजे शेकडा अडीच. जहाज 150, माल 90, भाडं 10. भाडं जहाजमालकाचंच, तेव्हा 250 पैकी 160 त्याने स्वतः सोसले आणि मालवाल्याकडून त्याला 90 येणं आहे. मालवाल्याला हा हिशेब दाखवला की त्याचा आवाज बराच खाली येतो. पूर्ण नांगर आपल्या गळ्यात मारताहेत, अशी त्याची समजूत असते.

दोनशेचा आकडा ठरवताना जुन्याच्या जागी नवं मिळण्याचा फायदा बघावा लागे. लाकडी जहाजांच्या जमान्यात नव्या वस्तूच्या किमतीतून एक तृतीयांश कापण्याची रीत होती. जनरल ॲव्हरेजचा हिशेब कसा करायचा हे सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय यॉर्क-अँटवर्प नियमांनी 1890 मध्ये नांगराची पूर्ण किंमत धरायला आणि साखळीतून एक षष्ठांश कापायला सांगितलं. आजच्या नियमांत, जहाज पंधरा वर्षांहून जुनं असलं तरी, नांगर आणि साखळी यांवर अशी कपात नाही. कोणत्या सालचे नियम लागू आहेत ते बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजावर माल चढवल्याच्या पावतीवर, बघा. 1974, 1994, 2016 यांपैकी जे छापलं असेल ते. अंदाजाने धरू नका.

माल सोडण्याआधी मालवाल्याकडून ॲव्हरेज बाँड, म्हणजे वर्गणी भरण्याची लेखी कबुली, आणि त्याच्या विमा कंपनीची हमी घ्या. ओलेराँच्या वहीतलं «उतरवण्याआधी» ते हेच. माल गोदामातून निघून गेल्यावर वर्गणी मागत फिरणं हे फार कष्टाचं काम आहे. आणि मालवाले असाल तर विम्याची पॉलिसी लगेच कंपनीला कळवा. माल विमा उतरवलेला असेल तर ही हमी बहुतेक वेळा कंपनीच देते आणि तुमचा माल अडकून पडत नाही. विमा नसेल तर रोख अनामत भरावी लागते. जहाजमालकाला तो हक्क आहे, त्याच्याशी भांडण्यात दिवस घालवू नका.

1994 पासूनच्या नियमांप्रमाणे वर्गणीचा दावा सांगणाऱ्याने सामाईक प्रवास संपल्यापासून 12 महिन्यांत लेखी कळवायचं असतं. 2016 च्या नियमांप्रमाणे ॲडजस्टमेंट, म्हणजे वाटणीचा पक्का हिशेब, निघाल्यापासून एक वर्षात, आणि काहीही झालं तरी प्रवास संपल्यापासून सहा वर्षांत, वर्गणीसाठी कोर्टात गेलं पाहिजे.

फाइल बंद करण्याआधी बंदराकडे आणि रिसीव्हर ऑफ रेककडे, म्हणजे समुद्रात सापडलेल्या सामानाची नोंद घेणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, एकदा चौकशी करा, नांगर सापडला का. वरच्या उदाहरणात समजा तो सापडला, 90 पौंडांचा ठरला आणि शोधणाऱ्याला 30 द्यावे लागले. मग 60 वजा करायचे. त्यागाची रक्कम 140 उरते, मजुरीसह 190. जहाजाचे 5,800, परत आलेले 60 आणि भरून मिळणारे 140 मिळून पुन्हा 6,000 होतात, एकूण 10,000 तसेच राहतात. दर शेकडा 1.9. जहाज 114, माल 68 पौंड 8 शिलिंग, भाडं 7 पौंड 12 शिलिंग (जुन्या हिशेबात 20 शिलिंगांचा एक पौंड). मालवाल्याने आधी 90 भरले असतील, तर त्याचे 21 पौंड 12 शिलिंग परत करायचे, आणि तो मागेपर्यंत थांबायचं नाही.